सरखेल : घोड्यावरून गलबतावर आलेल्या हुद्द्याची कुळकथा

कान्होजी आंग्रे यांच्या नावाशी जोडला गेलेला ‘सरखेल’ हा किताब महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, आणि त्याचा अर्थ ‘आरमाराचा मुख्य अधिकारी’ असा सर्वत्र निःशंकपणे सांगितला जातो. परंतु त्या शब्दाची फोड करून पाहावी तर तीत पाणी, जहाज, शीड, नांगर, वल्हे यांपैकी कशाचाही मागमूस लागत नाही. ‘सर’ म्हणजे मस्तक, अर्थात प्रमुख, हा फारसी शब्द ‘सरदार’, ‘सरकार’, ‘सरनोबत’, ‘सरसुभेदार’ यांतून मराठीच्या अंगवळणी पडलेला आहे. उरलेला ‘खेल’ हा अरबी ‘खैल’ होय, आणि अरबीत ‘खैल’ म्हणजे घोडे. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी उभा दावा मांडणाऱ्या पुरुषाच्या किताबात घोडा दडून बसला आहे, ही गोष्ट ध्यानात आल्यापासून आरमारी हुद्द्यांच्या नावांकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली, आणि पुढे जे लिहीत आहे ते सारे त्या एका घोड्याचा माग काढताना हाती आलेले आहे.

या घोड्याचा स्पष्ट ठसा झियाउद्दीन बरनी याने १३५७ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘तारीख-इ-फिरोजशाही’ या ग्रंथात सापडतो. दिल्लीच्या तख्तावर बसलेला आपला विलासी पुत्र कैकुबाद यास बुघराखान राजनीतीचा उपदेश करतो, त्या प्रसंगी सैन्याची एक उतरंड सांगितली आहे : दहा स्वारांवर एक सरखेल, दहा सरखेलांवर एक सिपाहसालार, दहा सिपाहसालारांवर एक अमीर, दहा अमिरांवर एक मलिक आणि दहा मलिकांवर एक खान. या हिशेबाने एकेका खानाच्या पदरी एक लक्ष स्वार असावयास हवेत, आणि दिल्लीच्या कोणत्याही सुलतानाला अशा खानांची रांग पोसणे शक्य नव्हते. म्हणून वरच्या पायऱ्या आदर्शाच्या आहेत असे इतिहासकार मानतात ते योग्यच आहे. परंतु सर्वांत खालची पायरी काल्पनिक असण्याचे कारण दिसत नाही, कारण दहा स्वार एकत्र दौडवणारा कोणी नायक कोणत्याही फौजेत असतोच. म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यास सरखेल हा घोडदळातील सर्वांत कनिष्ठ अंमलदार होता, आणि सुमारे साडेतीनशे वर्षांनी, राजाराम महाराजांच्या अमदानीच्या अखेरीस, तोच शब्द आधी सिधोजी गुजर व त्यामागून कान्होजी आंग्रे यांच्या रूपाने मराठ्यांच्या समुद्रावरील सत्तेचे नाव झाला. दहा घोड्यांचा नायक दर्याचा धनी कसा झाला, हा या कुळकथेचा मुख्य प्रश्न आहे.

आरमार हे एकाच धंद्याच्या माणसांचे कधीच नसते. जहाज चालविणारा, जहाजावरून लढणारा, जहाज सुस्थितीत राखणारा, शिधासामग्री सांभाळणारा आणि या सर्वांचा हिशेब लिहिणारा असे निरनिराळे गट एकाच लाकडी किंवा पोलादी कवचात कोंडलेले असतात, आणि आजच्या भारतीय नौदलातील अधिकाऱ्यांच्या कार्यकारी, अभियांत्रिकी, विद्युत व शिक्षण या शाखा म्हणजे त्याच प्राचीन विभागणीची अर्वाचीन आवृत्ती आहे. या गटांची आपल्या सागरावरील जुनी नावे तपासत गेलो असता मला एक नियम जाणवला, आणि तो मी आरंभीच मांडून ठेवतो : हुकूम करणाऱ्यांची नावे जमिनीवरून पाण्यावर गेली, आणि कष्ट करणाऱ्यांची नावे पाण्यावरून जमिनीवर आली. अपवाद आहेत, आणि ते मी लपविणार नाही. तथापि अपवादांचा जमाखर्च मांडूनही नियमच शिल्लक राहतो अशी माझी खात्री आहे.

‘सरखेल’ शब्दाच्या अन्य उपपत्तींचा आधी समाचार घेतला पाहिजे. त्यांपैकी पहिली केवळ कानावर विसंबणारी आहे : खेल म्हणजे खेळ, आणि सरखेल म्हणजे युद्धाच्या खेळातला अग्रणी. या कल्पनेला मराठी वर्णमालाच आडवी येते. मराठी ‘खेळ’ शब्दातील ळ हा इतका पक्का आहे की लिहिणारा कितीही घाईत असला तरी तेथे ल येत नाही. उलट सरखेल हा शब्द ल कारानेच लिहिला गेला. परक्या भाषेतून आलेल्या शब्दांत आपण ल चा ळ सहसा करीत नाही, हा भेदच या शब्दाच्या परकेपणाची साक्ष देतो.

दुसरी उपपत्ती अधिक वजनदार आहे आणि तिच्याशी सामना करावाच लागतो. अरबी खैल फारसीत आला तेव्हा त्याचा अर्थ घोड्यांपुरता राहिला नाही. घोड्यांवर बसणारी टोळी, मग कोणतीही टोळी, अनुयायांचा समूह, असा तो पसरत गेला आणि अफगाणांत तर तो थेट कुळवाचक झाला. इसाखेल, झकाखेल ही पठाणी कुळांची नावे प्रसिद्ध आहेत, आणि तेथे खेल म्हणजे वंश, घराणे. तेव्हा सरखेल म्हणजे टोळीचा म्होरक्या एवढेच घ्यावे, घोडा त्यातून केव्हाच पसार झाला आहे, असे या पक्षाचे म्हणणे. हा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. आंग्र्यांच्या काळी हा किताब उच्चारणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे घोडा उभा राहत असेल असे मलाही वाटत नाही. परंतु शब्द कोणत्या वाटेने आला हा प्रश्न निराळा आहे, आणि ती वाट पठाणी कुळांतून येत नसून दख्खनच्या पागेतून येते, असे दाखवता येते.

पुरावा आपल्या घरातच आहे. बडोद्याच्या गायकवाडांचा किताब ‘सेनाखासखेल शमशेर बहादूर’ हा. गायकवाड हे गुजरातेत घोड्याच्या पाठीवर राज्य मिळविणारे घराणे, आणि त्यांच्या किताबातील ‘खासखेल’ म्हणजे दख्खनी सुलतानांच्या फौजांतील ‘खासाखेल’, अर्थात बहमनी काळापासून सुलतानाच्या खास हुजुरातीत तैनात असलेले स्वार. एकाच मराठी राज्यात, एकाच पिढीच्या आगेमागे, एक ‘खेल’ गुजरातेच्या मैदानात आणि दुसरा कुलाब्याच्या खडकावर नांदत होता. दोन्ही एकाच टांकसाळीत पडले असणार, आणि ती टांकसाळ दख्खनी दरबारांची आहे.

त्या दरबारांत सरखेल शब्दाची बढती कशी झाली हे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत चांगले दिसते. तेथे ‘सरखैल’ हे मुलकी व लष्करी अधिकार एकवटलेले दरबारी उच्चपद होते, आणि पुढे मीर जुमला म्हणून हिंदुस्थानभर गाजलेला मीर मुहम्मद सईद त्या पदावर होता. हा मनुष्य मूळचा इराणी, हिऱ्यांचा व्यापारी, स्वतःची जहाजे बाळगणारा, आणि सरखैल होण्यापूर्वी मछलीपट्टण या बंदराचा हवालदार. दहा स्वारांचा नायक येथवर येईतो केवढा मोठा झाला पाहा : घोडा गेला, दहाची संख्या गेली, उरला तो दरबारात मोजला जाणारा मान, आणि तो मान धारण करणाऱ्याचा एक पाय बंदरात. मराठी आरमाराने हा किताब उचलला तो या अवस्थेत, असे माझे मत आहे.

येथे मी एक पाऊल पुढे टाकतो, आणि ते तर्काचे पाऊल आहे हे सांगून टाकतो. बंदर आणि पागा या दोन गोष्टी आज आपल्याला परस्परांपासून दूरच्या वाटतात, परंतु मध्ययुगीन दख्खनमध्ये त्या एकाच कारभाराची दोन टोके होत्या, कारण लढाऊ घोडा समुद्रातून येत असे. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसल्यामुळे अरबस्तान व इराणी आखातातून घोड्यांची तारवे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत, आणि विजयनगर असो, बहमनी असो वा विजापूर असो, ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती घोडदळ असा हिशेब होता. १५१० साली गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा सारा व्यापार गोव्याकडे वळविण्यासाठी आकाशपाताळ एक केले आणि घोड्यांच्या जकातीवर आपली तिजोरी भरली, त्याचे मर्म हेच. ज्या मुलखात स्वारांचा अधिकारी आपल्या स्वारांसाठी तारवाची वाट पाहत किनाऱ्याकडे डोळे लावून बसे, त्या मुलखात स्वारांच्या नायकाचे नाव किनाऱ्यावर उतरावे यात अघटित काहीच नाही.

या घोडा-जहाज संबंधाचे एक प्रत्यक्ष दृश्य प्रवासी इब्न बतूता याने नोंदविले आहे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील झफार येथून उत्तम घोडे हिंदुस्थानात जात. आणि हिंदुस्थानातून तेथे जहाज लागले की सुलतानाचे गुलाम होड्यांतून सामोरे जात आणि तिघांना मानाची वस्त्रे देत : जहाजाचा धनी अथवा त्याचा प्रतिनिधी, वाटाड्या असलेला रुब्बान, आणि किराणी म्हणजे जहाजाचा लेखक. मग या तिघांसाठी तीन घोडे आणले जात आणि नगारे व कर्णे वाजवीत त्यांना किनाऱ्यापासून सुलतानाच्या वाड्यापर्यंत मिरवीत नेत. समुद्रावरचा अधिकार जमिनीवर मान्य व्हावयाचा तर त्याला घोड्यावर बसावे लागे, याहून बोलके चित्र मला सापडलेले नाही. त्यातील तिसरा स्वार, तो किराणी, याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आपल्या सरखेलाला परदेशी सोबतीही आहेत. ‘ॲडमिरल’ हा शब्द अरबी ‘अमीर’ वरून निघाला याबद्दल दुमत नाही; वाद आहे तो त्याच्या शेपटाबद्दल. लोकप्रिय मत असे की तो ‘अमीर-अल-बहर’, समुद्राचा अमीर, आणि त्यातला ‘बहर’ गळून पडला. परंतु सिसिलीतील नॉर्मन राजांच्या दरबारी ‘अमिरातुस’ हा प्रथम मुलकी कारभाराचा अधिकारी होता, आणि दुसऱ्या रॉजरचा अंत्योखकर जॉर्ज याच्यासारख्या पराक्रमी पुरुषांनी आरमारे चालविल्यामुळे त्या पदाला समुद्राचा वास लागला. हा पक्ष मला बलवत्तर वाटतो, आणि तो माझ्या नियमाला पोषकही आहे : युरोपचा सर्वोच्च आरमारी किताबसुद्धा जमिनीवरच जन्मला. ‘मार्शल’ तर जर्मानिक भाषांतला घोड्यांचा चाकर, मोतद्दार. तो आज ‘एअर मार्शल’ होऊन आकाशात संचार करतो आहे.

वरच्या हुद्द्यांचे एवढे पुरे. जहाजावर प्रत्यक्ष कोण काय करी हे समजण्यासाठी अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’ इतके नीटस साधन दुसरे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथात मीरबहरीच्या, म्हणजे नाविक खात्याच्या, प्रकरणी मोठ्या समुद्रगामी जहाजावरील बारा प्रकारची माणसे क्रमवार दिली आहेत. पहिला नाखुदा, जहाजाचा स्वामी, ज्याचे मराठी रूप ‘नाखवा’ कोळीवाड्यांत आजही चालते. दुसरा मुअल्लिम, ताऱ्यांवरून मार्ग काढणारा. तिसरा तंडेल, खलाशांचा म्होरक्या. चौथा नाखुदा-खशब, प्रवाशांना लाकूडफाटा व गवत पुरविणारा. ‘खशब’ म्हणजे अरबीत लाकूड. पाचवा सरहंग, जहाज धक्क्याला लावणे व किनाऱ्यावरून सोडणे पाहणारा. सहावा भांडारी, कोठीचा रक्षक. सातवा कर्राणी, हिशेब लिहिणारा आणि प्रवाशांना पाणी वाटून देणारा. आठवा सुक्कानगीर, सुकाणू धरणारा. मोठ्या जहाजावर असे वीसपर्यंत असत. नववा पंजरी, डोलकाठीच्या माथ्यावर बसून जमीन, जहाज किंवा वादळ दिसताच आरोळी देणारा. दहावा गुमटी, जहाजात झिरपलेले पाणी उपसणारा. अकरावा तोपअंदाज, म्हणजे गोलंदाज. बारावा खारवा, शिडे चढविणारा-उतरविणारा, वेळ पडल्यास पाण्यात बुडी मारून भोक बुजविणारा आणि अडकलेला नांगर सोडविणारा. पाणी वाटण्याचे काम लेखकाकडे आहे याचे नवल वाटू नये. महिना-महिना जमीन न दिसणाऱ्या प्रवासात गोडे पाणी ही रोकड रकमेइतकीच हिशेबाची वस्तू होती.

या बारांपैकी चौथ्याबद्दल माझी एक आवडती कल्पना आहे. गेल्या दोन शतकांत आगबोटींवर हिंदी खलाशांच्या जथ्यात दोर, रंग, दिवे यांची कोठी सांभाळणाऱ्यास ‘कसब’ म्हणत. त्याचा संबंध मराठी ‘कसब’ म्हणजे कौशल्य याच्याशी जोडण्याचा मोह होतो. परंतु कोठी सांभाळणे हे जहाजावरील सर्वांत कौशल्याचे काम खासच नव्हते. अबुल फजलच्या नाखुदा-खशबातील पुढचा भाग झिजून मागचा ‘खशब’ उरला आणि त्याचा ‘कसब’ झाला, लाकूड पुरविणारा वाढत वाढत सर्व सामान पुरविणारा झाला, हीच वंशावळ मला ग्राह्य वाटते.

पाचवा सरहंग हा तर माझ्या नियमाचा मुख्य साक्षीदार. फारसीत सरहंग म्हणजे पायदळाचा वा रक्षकदलाचा नायक, आणि आजच्या इराणी सैन्यात सरहंग म्हणजे कर्नल. मराठीत हकार झिजला, मागचा स्वर दीर्घ झाला आणि ‘सारंग’ सिद्ध झाले. संस्कृतातील ‘सारंग’ म्हणजे हरिण किंवा चातक, त्याच्याशी याचे नाते जोडणारे रसिक आहेत. परंतु आईनमधील हकारयुक्त रूप डोळ्यांपुढे असताना त्या हरिणाचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. शिवछत्रपतींच्या आरमारात हा शब्द मानाच्या शिखरावर होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या आपल्या बखरीत सभासदाने आरमाराच्या दोन सुभ्यांवरील अधिकारी म्हणून दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांचा उल्लेख केला आहे. त्यांपैकी पहिले नाव व्यक्तीचे नसून पदवीचे आहे, आणि तेथे सारंग म्हणजे अवघ्या दर्याचा सेनानी. पुढे इंग्रजी आगबोटींच्या युगात तोच सारंग जथ्याचा मुकादम होऊन बसला. कप्तान व खलाशी यांच्यामधला दुवा, आपल्याच गावची माणसे भरती करून आणणारा. कलकत्त्यास तर धक्क्यावर बसून माणसे पुरविणारा दलाल ‘घाट सारंग’ म्हणवला जाई. राज्य आपले होते तेव्हा सारंग सुभ्याचा अधिपती होता, आणि राज्य परक्याचे झाले तेव्हा तो परक्या अधिकाऱ्याचा हाताखालचा झाला. शब्दाची ही घसरण म्हणजे सत्तेचीच घसरण आहे.

‘लष्कर’ शब्दाची गत याहून विलक्षण झाली. फारसीत व मराठीत लष्कर म्हणजे फौज. पोर्तुगीजांनी त्यावरून ‘लस्करीं’ हा शब्द देशी शिपायासाठी बनविला, आणि सिंहलद्वीपात त्यांच्या फौजेत असे लस्करीं हजारांनी होते. इंग्रजांच्या तोंडी तो ‘लॅस्कर’ झाला. प्रथम तोफा ओढणारा मदतनीस, आणि अखेर जहाजावरील हिंदी खलाशी. हिंदी बंदरांतून सुटणाऱ्या आगबोटींवर रत्नागिरीचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खारवे डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती जेवणघरात, पंजाब व सिल्हेटचे आगवाले आणि कोयलावाले बॉयलरपाशी, अशी जी माणसांची वाटणी ठरून गेली होती, त्या सर्वांवर इंग्रजांनी ‘लॅस्कर’ हे एकच नाव घातले. संपूर्ण फौजेचे नाव एका माणसाला मिळाले, आणि मिळताना त्याच्या हातातले शस्त्र काढून घेतले गेले.

आता उलट दिशेचा प्रवाह पाहावा, आणि त्यात अग्रमान तांडेलाचा. या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती परस्परांशी भांडतात. एक म्हणते ‘तांडा’, म्हणजे बैलांचा वा माणसांचा काफिला, त्याचा नायक तो तांडेल. दुसरी तमिळ ‘तण्डल’ कडे बोट दाखविते. तेथे त्याचा एक अर्थ वसुली असा आहे, म्हणून तांडेल हा मूळचा वसूल गोळा करणारा. तिसरी मलयाळम ‘तण्डु’ पुढे करते, ज्याचा अर्थ दांडा आणि त्याचबरोबर वल्हे. मी तिसरीचा पक्षपाती आहे. पहिलीत जमिनीवरचा काफिला जहाजावर का चढावा याचे उत्तर नाही, आणि हा शब्द मलबारपासून तुतिकोरीनपर्यंतच्या दाक्षिणात्य नाविकांत नांदत असताना त्याचे मूळ उत्तरेच्या बैलांत शोधणे उफराटे आहे. दुसरीतील वसुली तमिळ किनाऱ्यावरील होडीचा चालक असलेल्या तण्डलाच्या कामाशी कोठेच जुळत नाही. तिसरीला एक अडचण आहे : अबुल फजलच्या मोठ्या जहाजांना वल्ही नसत, तरीही तंडेल तेथे आहे. परंतु नावे जहाजांपेक्षा जुनी असतात. आंग्र्यांच्या गलबतांकडे पाहिले म्हणजे वल्ह्याची थोरवी कळते. सत्तर टनांपेक्षा क्वचितच मोठे असलेले गलबत चाळीस ते पन्नास वल्ह्यांवर चाले, आणि वारा पडला असता त्याहून कितीतरी अवजड अशा गुराब जातीच्या जहाजांना ओढत नेण्याचे सामर्थ्य त्या वल्ह्यांतच होते. पन्नास हात एका ठेक्यात उठविणारा आणि पाडणारा कोणी तरी असलाच पाहिजे, आणि तो तांडेल असे मी समजतो. हे पाण्याचे नाव पुढे जमिनीवर चढले : सार्वजनिक बांधकामांवरील मजुरांच्या टोळीचा मुकादम इंग्रजी अमलात ‘टिंडल’ झाला. खलाशीही तसाच रेल्वेच्या कारखान्यात शिरला, आणि तेथे शीड वा नांगर कधी न पाहिलेली माणसे आजवर त्या नावाने पगार घेत आली आहेत. खलाशी हा शब्द छावणीत तंबू ठोकणाऱ्यासही लावीत, म्हणून त्याचे मूळ जमिनीवर असावे असे कोणी म्हणेल. मी एवढेच म्हणेन की दोर, खुंट आणि कापड यांचे ज्ञान जहाजावरच पक्के होते आणि तंबू हे जमिनीवरचे शीड आहे.

राहिला तो झफारच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसलेला किराणी. अबुल फजलचा कर्राणी हाच, आणि दोघांच्या मध्ये अडीचशे वर्षांचे अंतर असूनही काम तेच. ‘किराणा’ शब्दाशी त्याची सांगड घालून त्याला मालाचा कारकून ठरविता येईल. परंतु किराणा हा संस्कृत ‘क्रयाणक’ वरून आलेला, विकावयाच्या जिन्नसांचा वाचक आहे, त्यात लेखनाचा अंशही नाही. मला येथे संस्कृत ‘करण’ दिसतो. करण म्हणजे दस्तऐवज आणि तो लिहिणारा; कन्नड ‘करणिक’, तेलुगू ‘करणम्’, ओडिशातील ‘करण’ ही लेखकांची जात, हे सारे त्याचेच गोत्र, आणि आपला ‘कुलकर्णी’ ही त्याच करणाची शाखा. पाटलाच्या शेजारी दप्तर उघडून बसणारा कुलकर्णी आणि नाखुद्याच्या शेजारी पाण्याचा हिशेब ठेवणारा कर्राणी हे सगोत्र आहेत, हा शोध मला या साऱ्या प्रवासात सर्वांत आनंद देऊन गेला. लेखणीही जमिनीवरूनच जहाजावर गेली, आणि ती हुकुमाच्या बाजूला बसली, कारण जो लिहितो तो राज्याच्या वतीने लिहितो. कलकत्त्याच्या इंग्रजी कचेऱ्यांत ‘क्रॅनी’ म्हणून तो पुन्हा जमिनीवर उतरला, हे माझ्या नियमाचे उल्लंघन आहे. परंतु कारकुनाची ख्याती अशी की जेथे कागद असेल तेथे तो पोहोचतोच.

या दोन प्रवाहांचा शेवट सारखा झाला नाही. १७३५ च्या सुमारास आंग्र्यांच्या दौलतीची वाटणी झाली तेव्हा संभाजीकडे सरखेल हा किताब राहिला, आणि कुलाब्यास मानाजीला ‘वजारतमआब’, म्हणजे वजिरीचे आश्रयस्थान, हा किताब मिळाला. एकाला घोडदळाची पदवी, दुसऱ्याला दिवाणखान्याची, आणि समुद्राची कोणालाच नाही. १७५६ साली पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांच्या आरमाराची होळी झाली. त्यानंतर धुळप घराण्याकडे आरमाराचा ‘सुभा’ आला, तोही शब्द मुलकी. १८४० च्या सुमारास कुलाब्याचे संस्थान ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले आणि सरखेल हा शब्द दप्तरांत व इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन राहिला. १९५१ साली स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला कान्होजींचे स्मरण म्हणून नाव दिले ते ‘आंग्रे’ हे. आडनाव घेतले, किताब घेतला नाही, कारण सर्वोच्च हुद्द्याची जागा ॲडमिरलने आधीच व्यापली होती.

तांडेल मात्र कोणाच्या सनदेवर अवलंबून नव्हता. दमणपासून कोकणापर्यंत तो आडनाव होऊन राहिला आणि मासेमारीच्या नौकांवर हुद्दा म्हणून टिकला. सारंगाला १९१७ च्या अंतर्देशीय वाफेच्या जहाजांच्या कायद्यात परवानाधारक चालक म्हणून जागा मिळाली, ती त्याच्या जुन्या दरबारी मानामुळे नसून त्याच्या अंगच्या हुन्नरामुळे. किताब देणारी गादी गेली की किताब जातो. काम देणारा समुद्र जागच्या जागी असतो, म्हणून कामाचे नाव टिकते. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास आजवर आपण सरखेलांच्या नावाने लिहिला, आणि त्या पुरुषांचा पराक्रम तसा लिहिला जाण्याच्या योग्यतेचा आहे. परंतु पन्नास वल्ह्यांचा ठेका धरणारा तांडेल, डोलकाठीवरचा पंजरी आणि खालच्या अंधारात पाणी उपसणारा गुमटी यांच्या बाजूनेही तो लिहावयास हवा, आणि त्यासाठी लागणारी साधने बखरींइतकीच या माणसांच्या जुन्या नावांतही साठवलेली आहेत.